सूज उतरली, फिट नाही

आमच्या सरांनी चार वर्षांत एकदाही उंदीर हातात धरला नाही. ते त्याला उंदीर म्हणतसुद्धा नसत, 'मॉडेल' म्हणत. नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. विषय अपस्माराचा. पांढऱ्या उंदरांना औषध टोचून फिट आणायची, ती ओसरली की प्रोजेस्टेरॉन द्यायचं, महिनाभर लक्ष ठेवायचं आणि शेवटी मेंदूचे पातळ काप काढून सूज किती आहे ते बघायचं. फिटमुळे मेंदूला आतून सूज येते आणि ती सूज पुढच्या फिटला वाट करून देते. हा हार्मोन मध्ये पडून पेशी वाचवतो का, एवढाच प्रश्न होता.

प्रोजेस्टेरॉन हा मुख्यतः बायकांच्या शरीरातला हार्मोन, पण आमच्या पिंजऱ्यांत एकही मादी नव्हती. "माद्यांचं हार्मोनचं चक्र असतं, रीडिंग बिघडतात," सर म्हणाले. मी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. तेव्हा मला ते शास्त्र वाटलं होतं. माझीही अक्कल त्यातच दिसते.

कापांत सूज खरंच कमी दिसली. पण त्याच उंदरांच्या फिट महिनाभर चालूच होत्या, हार्मोन न दिलेल्या उंदरांइतक्याच. मी दोन्ही गोष्टी सरांपुढे ठेवल्या.

"सूज उतरली ना? मग तेवढंच बोला."

त्याच आठवड्यात त्यांनी एका पेपरच्या वार्ताहराला बोलावलं. फोटोत सरांनी रिकामी सिरिंज धरली, उंदीर मी धरला. छापून आलं तेव्हा माझे मनगटापर्यंतचे हात तेवढे शिल्लक होते. वर मथळा होता, फिटवर औषध सापडल्याचा. उंदराचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत होता. सरांनी गठ्ठाभर पेपर आणवले आणि आल्यागेल्याला एकेक दिला.

चौथ्या दिवशी बिलोलीकडच्या खेड्यातली एक बाई लेकीला घेऊन कॉलेजात आली. पोरगी चौदा-पंधराची असेल. बाईच्या हातात पेपराचं ते पान चौघडी करून धरलेलं होतं.

"तुमच्या सायबाचं औषध पाहिजे हुतं. पेपरात वाचून आलाव."

"आधीच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"न्हाई. बंद केल्या की. नवं निघालंय म्हणल्यावर जुनं कशाला घालायचं पोटात?"

मी सरांच्या खोलीत गेले. ते त्याच बातमीचं कात्रण फ्रेममध्ये नीट बसतंय का ते पाहत होते. त्यांना सांगितलं, तर वर न बघता म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे म्हणा."

मी बाहेर आले तेवढ्यात पोरीला व्हरांड्यातच फिट आली. त्या वेळी मी काय केलं ते लिहायला हवं. मी घड्याळाकडे पाहिलं. उंदरांच्या फिटला आम्ही पायऱ्यांप्रमाणे आकडे द्यायचो. पोरीचे हात झटके देत होते आणि माझ्या डोक्यात आकडा आला, चार. तोवर तिच्या आईने तिला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली पिशवी सरकवली होती, आणि ती पदराने तिच्या तोंडाचा फेस टिपत होती. दोघींत मेंदूचं शिक्षण घेतलेली मी होते.

पोरगी शुद्धीवर आल्यावर मी त्यांना ऑटोत घालून विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत बाई म्हणाली, "एरवी कमीच येते. पाळी यायच्या आदल्या दोन-तीन दिसांत लई. म्या डाक्टरला किती डाव सांगितलं, कुणी मनावर घेत न्हाई."

पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन खाली जातं. रीडिंग बिघडू नये म्हणून आम्ही जे चक्र पिंजऱ्याबाहेर ठेवलं होतं, ते ही बाई न लिहिता, न मोजता बघत आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी ते सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि फिटच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, माद्यांवरही प्रयोग करू. "तुम्ही फार भावनिक होता," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात लातूरला परिसंवाद होता. माझ्या भाषणातून त्यांनी फिटचा तक्ता काढून टाकला होता. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरचे एक वयस्क प्राध्यापक उठले. "फिट थांबल्या का?" एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे बघून 'हो म्हणा' अशी मान हलवली. "नाही," मी म्हटलं, "सूज उतरली, फिट तेवढ्याच राहिल्या."

परतीच्या गाडीत अहमदपूर मागे पडल्यावर सर म्हणाले, "तुम्हाला पीएचडी करायची आहे की कीर्तन?"

"सर, महिनाभर त्या पिंजऱ्यांपुढे मी बसले होते. तुम्ही नव्हता."

त्यानंतर मला मार्गदर्शक बदलावा लागला, आणि जास्तीची दोन वर्षं गेली. या वेळी माद्या घेतल्या. चक्र सांभाळून रीडिंग घेणं कटकटीचं असतं, अशक्य नसतं. माद्यांत थोडा फरक दिसला, पण औषध म्हणावं इतका नाही. मी तसंच लिहिलं, प्रयोगात मेलेले उंदीरही मोजून. पदवी मिळाली. दरम्यान सरांना कुठल्याशा संस्थेचा संशोधनाचा पुरस्कार मिळाला. सत्काराच्या भाषणात 'आम्ही मेंदूची सूज जिंकली' म्हणाले. टाळ्या पडल्या. जिंकायला समोर कुणी उभं नसलं की असं सोपं जातं.

मी आता लातूरला शिकवते. ती पोरगी अकरावीत आहे. गोळ्या चालू आहेत, फिट वर्षाला एखाद-दुसरी. तिच्या आईचा अधूनमधून फोन येतो. परवा विचारत होती, देगलूरकडे कुणी महाराज ताईत बांधून फिट बंद करतो म्हणतात, जावं का.

"कशाला जाता? आमच्या सरांकडे एकदा येऊन पाहिलंत ना," मी म्हटलं.

ती हसली. पण जायचं की नाही, ते काही तिनं सांगितलं नाही. म्हणून मी पुन्हा एकदा, नीट, गोळ्यांबद्दलच बोलले.