भिंतीवरचा घोट

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या दवाखान्यात सगळे ‘नमुना’ म्हणतात. घरीही आम्ही त्याला लहानपणापासून हेच म्हणत आलोय, पण आमचं कारण वेगळं. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून शाळेत जाणारं आणि वर ‘मला टोचत नाही’ म्हणून भांडणारं कार्टं होतं ते. दवाखान्यातलं नाव मात्र मानाचं होतं.

तो एका मोठ्या दवाखान्याच्या पोटविकार विभागात मदतनीस आहे. तिथे एक संशोधनाची खोली आहे. तोंडात घातलेला घास पोटापर्यंत उतरतो कसा, आणि काही माणसांचा छातीतच का अडकून राहतो, याचा तिथे अभ्यास चालतो. रोग्याच्या नाकातून बारीक नळी सोडतात, ती थेट पोटाच्या तोंडापर्यंत जाते. मग त्याला आडवं करून पिचकारीने तोंडात थोडंथोडं पाणी सोडतात आणि सांगतात, गिळा. नळीला जागोजागी दाब कळतो आणि पडद्यावर रंगीत चित्र उमटतं. निरोगी माणसाचं असेल तर वरून खाली एक तिरका पट्टा सरसर उतरतो आणि तळाशी पोटाची झडप उघडते. ‘गिळा’ म्हणायचं काम माझ्या भावाचं. दिवसभर तेच. एकदा आमच्याकडे लग्नाच्या जेवणात शेजारच्या पाहुण्यालाही म्हणाला होता.

हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सुरुवातीला निरोगी माणसांची चित्रं गोळा केली, तेव्हा याचंही काढलं. आणि काय सांगू, याचं गिळणं इतकं देखणं निघालं की मॅडमनी ते चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना तेच दाखवायचे, रोग्यांना समजवायला तेच. आयुष्यात दुसरं काही याचं भिंतीवर लागलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खूश. पुढे त्या खोलीची रीतच पडली. नवीन नळी आली की आधी ती याच्या नाकातून जायची. पडद्यावर भिंतीवरच्यासारखं चित्र आलं की नळी चांगली, मग ती रोग्यांना.

मी शिवणकाम करते. नवं फारसं नाही. लोकांचे कपडे आत घेते, सैल करते. अख्ख्या गल्लीच्या कमरा मला पाठ आहेत. भाऊ माझ्याच इमारतीत, एक मजला खाली राहतो. मध्यंतरी तो एक पँट घेऊन आला आणि म्हणाला, कमरेत जरा आत घे, आमच्यातल्या एका शिपायाची आहे. मी घेतली. मग दुसरी आणली. मग पहिलीच पुन्हा. मी काही आंधळी नाही. त्या पँटच्या खिशाला मीच कधीतरी निळ्या दोऱ्याने टाका घातला होता, काळा संपला म्हणून. मी टाके उसवले आणि त्याचीच पँट पुन्हा दोन बोटं आत घेतली.

त्याच्या बायकोची कामाची वेळ दुपारनंतरची. संध्याकाळचं जेवण ती झाकून ठेवून जाते, तो एकटाच जेवतो. तो नीट जेवतो का विचारलं की ती म्हणायची, अहो ताई, भांडी घासून ठेवलेली असतात, अजून काय हवं! तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला मुद्दाम वर जेवायला बोलावलं. भात, बटाट्याची भाजी, मऊ पाव. त्याने दोन-चार घास खाल्ले, घाम पुसला आणि हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेला. नळ सोडला तो बंदच करेना. मी जाऊन दार लोटलं.

भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात वर ताणून तो उभा होता. मान मागे टाकलेली. तांब्याभर पाणी पिऊन वरून दाब देत होता, अडकलेला घास खाली ढकलायला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ते सगळं आलं तसं बाहेर पडलं, भाताचं शीतन्‌शीत अख्खं. पोटापर्यंत पोचलंच नव्हतं काही.

मला आधी राग आला. खरं सांगते, काळजी नंतर आली. चाळीशी उलटलेला माणूस, दवाखान्यात काम करतो, तेही याच आजाराच्या खोलीत, आणि माझ्या न्हाणीघरात चोरासारखा ओकतोय. मी त्याला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आता बोल. मूग गिळणं तेवढं त्याला अजून जमत होतं.

मग सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून हे चाललं होतं. आधी पाव अडकायचा, मग भात, आता पाणीसुद्धा छातीत उभं राहायचं. आडवा झाला की खाल्लेलं घशाशी यायचं, म्हणून बायको झोपली की तो भिंतीला टेकून बसून राहायचा. आजार कोणता हे त्याला केव्हाच कळलं होतं. रोज दुसऱ्यांची तीच चित्रं पाहत होता ना! अन्ननलिका ढिली पडते, लाट उठतच नाही, आणि खालची झडप उघडायचं नाव घेत नाही. मॅडम ज्या आजाराचा अभ्यास करत होत्या, नेमका तोच.

“मग मेल्या, मॅडमना सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं.

त्यावर त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. खोलीतली जुनी नळी निकामी झाली होती. नवी मागवली, ती आली, आणि रितीप्रमाणे पहिली याच्या नाकातून गेली. पडद्यावर चित्र काय आलं? तिरका पट्टा नाही, खाली झडप घट्ट बंद. आजारी माणसाचं चित्र. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, आणि एकमुखाने ठरवलं, नळी खराब आहे. ठरावीक दाबाच्या पेटीत घालून तपासली तेव्हा ती दाब बरोबर दाखवत होती, तरीही खराब. मॅडमनी याला विचारलं होतं, तुला काही त्रास आहे का? हा म्हणाला, मला? छे! सगळे हसले. नमुन्याला कसला त्रास असणार! नळी कंपनीकडे परत गेली.

“अगं ताई, मॅडमचा एवढ्या वर्षांचा अभ्यास माझ्या घशावर उभा आहे,” तो म्हणाला. “निरोगी कसं असतं ते माझ्यावरून ठरलंय. मीच आजारी निघालो तर सगळं खोटं नाही का पडणार?”

त्याला वाटत होतं, हा आजार आधीपासूनच आत दबा धरून होता, म्हणजे भिंतीवरचं चित्रही फसवं. शिवाय नमुना नाही तर मग तो कोण? लादी पुसणारा आणि नळ्या धुणारा एक माणूस. हे तो बोलला नाही, पण मी त्याची थोरली बहीण आहे. मला ऐकू आलं.

मी बजावलं, उद्याच्या उद्या सांगायचं. तो हो म्हणाला आणि सांगितलं नाही. रोज संध्याकाळी जिन्यात मी त्याची वाट बघायची, तो मान हलवायचा आणि खाली जायचा. बायकोला काही बोलणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं, त्यामुळे तिची गाठ पडली की मी हवापाण्याच्या गप्पा मारायची. ती मलाच सांगत होती, हे बारीक झाल्यापासून कसे तरुण दिसतात! माझी जीभ दातांखाली. ते घर, तो जिना, माझं शिवणयंत्र, सगळीकडे मला कोंडल्यासारखं व्हायला लागलं. त्याचं काय होत असेल? तो तर स्वतःच्याच चित्रात अडकला होता. त्या चौकटीला दार नव्हतं. मी त्याला सूप द्यायची, पातळ पेज द्यायची, आणि निम्मं बेसिनमध्ये जायचं.

मग दुसरी नळी आल्याचं त्याने सांगितलं. उद्या सकाळी लावणार. मी म्हटलं, मी येते. त्याने नको म्हटलं, पण माझं शिवणयंत्रावर आच्छादन टाकूनही झालं होतं.

सकाळी त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी जाऊन बसले. पांढऱ्या भिंती, औषधी पाण्याचा वास, आणि नाकाला हात लावून बसलेली माणसं. माझ्या शेजारी एक शिक्षिका होत्या. हाडांवर साडी गुंडाळावी तशा. मला म्हणाल्या, मागच्या वेळी यंत्र बिघडलंय म्हणून परत पाठवलं. तपासणी झाल्याशिवाय उपचाराचं ठरत नाही, आणि तोवर त्या बसून झोपतात, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून. वर्गात शिकवताना खाल्लेलं छातीत अडकून राहतं म्हणून डबा नेणंच सोडलंय. आज तरी होईल ना हो, असं त्यांनी मला विचारलं. मी मान वळवली. दारात पिचकाऱ्यांचा ट्रे घेऊन माझा भाऊ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो आत गेला. दार अर्धवटच लागलं, म्हणून मी उठून तिथेच उभी राहिले. कोणी काय म्हणेल याची पर्वा मला तेव्हा नव्हती. नळी त्याच्या नाकातून गेली. तो आडवा झाला. गिळ, असं आज मॅडमच म्हणाल्या. पडद्यावर चित्र आलं आणि खोलीत सगळे थांबले. एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, ही पण खराब! आणि मॅडमनी कंपनीला फोन लावायला हात पुढे केला.

नाकात नळी असताना बोलणं सोपं नसतं. तरी तो उठून बसला.

“नळी चांगली आहे, मॅडम,” तो म्हणाला. “पहिलीही चांगलीच होती. बिघडलोय तो मी.”

मॅडमनी फोन खाली ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे नीट पाहिलं. कोट काढायला लावला. कोटाखाली मी आत घेतलेला शर्ट होता आणि शर्टाखाली बरगड्या. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मी डॉक्टर आहे, रोज तुला बघते, आणि मी पडद्यावरचं बघत बसले. मग त्यांनी त्याला समजावलं की अभ्यास त्याच्या एकट्याच्या घशावर उभा नव्हताच. निरोगी माणसं पुष्कळ होती, वेगवेगळ्या ठिकाणची. त्याचं चित्र भिंतीवर होतं कारण ते दिसायला छान होतं. आणि काढलं तेव्हा ते खरंच होतं. आजार नंतर आला, यात खोटं पडण्यासारखं काही नाही.

चांगलीच बातमी ती. पण मी त्याचा चेहरा पाहिला. ज्याच्यासाठी इतके महिने उपाशी राहिला, ते कोणी मागितलंच नव्हतं.

त्याच नळीने त्या शिक्षिकांची तपासणी दुपारच्या आत झाली. याच्या पोटात दुर्बीण घालून दुसरं काही भलतंसलतं नाही ना हे पाहिलं; नव्हतं. बायकोला मी स्वतः सांगितलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

मॅडमच्या अभ्यासात दोन उपचारांची तुलना चालली होती. एकात झडप फुग्याने ताणायची, दुसऱ्यात दुर्बिणीतून आतल्या आत तिचा स्नायू कापायचा. कोणाला कोणता, ते चिठ्ठीवर. भावाने हट्ट धरला की मलाही त्यात घ्या, निदान आजाऱ्यांत तरी मोजा. मॅडम म्हणाल्या, नाही घेता येणार. जो निरोगी म्हणून मोजला गेला आणि ज्याला त्या खोलीतलं सगळं ठाऊक आहे, त्याला अभ्यासात घेणं नियमात बसत नाही. म्हणजे निरोग्यांत नाही आणि आजाऱ्यांतही नाही. उपचार मात्र झाला. त्यांनी स्नायू कापला. आता मऊ भात उतरतो, पाव पाण्याबरोबर उतरतो. पण लाट परत येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. घास आपल्या वजनाने खाली पडतो, तेवढंच. ताठ बसून जेवायचं, उशी उंच घ्यायची, जन्मभर. एका अंधाऱ्या कोठडीतून जरा बऱ्या कोठडीत बदली झाली म्हणा.

तो कामावर परत गेला आणि काही दिवसांनी पुन्हा एक नळी आली. आता आधी कोणाच्या नाकात? मॅडमनी मला बोलावणं पाठवलं. दाराआड उभी राहिलेली बाई त्यांच्या लक्षात राहिली होती. कागद वाचून सही केली आणि मी त्या पलंगावर पडले. नाकातून नळी जाताना मी तिला, मॅडमना आणि माझ्या भावाच्या सात पिढ्यांना, म्हणजे माझ्याही, मनातल्या मनात शिव्या मोजल्या. हलता येत नाही, बोलता येत नाही, डोळ्यांतून आपोआप धारा. याने हे किती वेळा हसत करून घेतलं असेल!

पिचकारी त्याच्या हातात होती. तोंडात पाणी सोडून तो म्हणाला, गिळ. मी गिळलं. पडद्यावर तिरका पट्टा वरून खाली सरसर उतरला, झडप उघडली, मिटली. मॅडम म्हणाल्या, छान, नळी चांगली आहे. ठरलेले घोट झाले. त्या नोंद करायला बाहेर गेल्या.

भाऊ तिथेच उभा होता, पडद्याकडे बघत. हॉटेलच्या काचेतून आत जेवणाऱ्यांकडे भुकेला माणूस बघतो, तसा. पिचकारीत अजून थोडं पाणी उरलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “अजून एकदा गिळशील?”

मला नळी नकोशी झाली होती. मी तोंड उघडलं.