बावीस जणांचा एकच रस्ता

पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तेव्हा आमच्या शाळेत ती शिकवायला कुणीच तयार नव्हतं. मुख्याध्यापकांनी नव्या पुस्तकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बी.ए. आहात. आम्ही आपले जुने डी.एड.वाले. आता हे धूड तुम्हीच सांभाळा." बाकीचे हसले. मी हसले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

बी.ए. मी नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन झाले. आमच्या घरात, आमच्या वाडीतसुद्धा, पहिलीच. वडील दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायचे, आई हंगामात पेट्यांमध्ये पेंढा भरायला जायची. दोघंही अंगठा उठवायची. त्या घरातून मी पदवीपर्यंत पोचले ती पाठांतराच्या जोरावर. इंग्रजीच्या पेपरात प्राणिसंग्रहालयाच्या भेटीवर निबंध आला होता. तोवर मी प्राणिसंग्रहालय पाहिलेलं नव्हतं. पण गाइडातला निबंध मला सिंहाच्या आयाळीसकट पाठ होता. पास झाले. त्यात काही खोटं आहे असं माझ्या कधी मनातही आलं नाही. आमच्यासारख्यांना दुसरी वाट कुठली होती?

शाळा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागून. वर्गात बसलं की वाऱ्याबरोबर मासळीचा वास यायचा आणि लिलावाची ओरड ऐकू यायची. माझ्या चौथीच्या वर्गात पहिलीपासून इंग्रजी शिकत आलेली बावीस मुलं. बहुतेकांचे वडील ट्रॉलरवर, आया बंदरात. घरात इंग्रजीचा शब्द नाही. मलाही शब्द येत होते, पण मुलांशी इंग्रजीत खेळायचं कसं, ते येत नव्हतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, "गाणी घ्या, खेळ घ्या." कुठली गाणी, कुठले खेळ, ते सांगायचं राहून गेलं.

मग मी दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायला लागले. पूर्वी ती टायपिंग इन्स्टिट्यूट होती. एका भिंतीला चार कॉम्प्युटर आले होते, समोरच्या भिंतीला टाइपरायटर कव्हरं घालून तसेच बसलेले. चालवणारे काका पन्नाशीचे, जन्मभर लोकांचे अर्ज टाइप केलेले. त्यांनीच मला माउस धरायला शिकवलं. "दाबू नका हो बाई, नुसती टिचकी मारा. उंदीर आहे तो, पाटा-वरवंटा नाही."

मुलांना इंग्रजी शिकवायची एखादी वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माझ्या वह्या तपासून व्हायच्या. पण उघडली की मी हरखून जायचे. चित्र बघून शब्द ओळखायचा, बाईंनी सांगितलं तरच हात वर करायचा, रंगांची गाणी, दिवसांची गाणी. प्रिंट धड यायची नाही, म्हणून मी सगळं हाताने वहीत उतरवून घ्यायचे आणि रविवारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याचे तक्ते करायचे. मुलांनी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. त्यांच्या लेखी वेबसाइट म्हणजे सोमवारी बाईंच्या पिशवीतून निघतो तो गुंडाळलेला तक्ता. सोमवारी कुणी गैरहजर राहीनासं झालं. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

अशात एक परदेशातली साइट सापडली. तिथल्या प्राथमिक शिक्षकांनी मुलांसाठी चालवलेली. तिच्यावर जगाचा नकाशा होता. 'शाळेत येताना मी काय पाहिलं' हे मुलांनी पाच-सात ओळींत लिहून पाठवायचं. लिहिलेलं तिथे मुलांच्या नावानिशी लागायचं आणि त्या गावावर लाल ठिपका यायचा. मुंबईवर ठिपका होता. तिथून खाली आमचा अख्खा किनारा कोरा होता.

पालकसभेत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, "तुमच्या बावीसच्या बावीस मुलांची नावं कॉम्प्युटरवर येणार. साऱ्या जगाला दिसतील. तुम्हाला नेऊन दाखवीन." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जेटीवर मासळीच्या पेट्यांसाठी बर्फ फोडणारी एक आई मागून म्हणाली, "माझ्या पोरीचं पन येल, बाई? की नुसतं हुशार पोरांचं?"

"सगळ्यांचं येईल, ताई. मी सांगते ना."

आता ते लिहून कसं घ्यायचं? आमच्याकडे एकच रीत. बाईंनी फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. निबंध असो, पत्र असो, 'माझी आई' असो. मी शिकले ती तशीच. म्हणून मी रात्रभर जागून, शब्दकोश बघून सात ओळी तयार केल्या आणि त्या सुंदर अक्षरात फळ्यावर उतरवल्या. आय सॉ अ पार्क. आय सॉ अ पोस्टमन. मग बागेतली फुलं, झाडावरची चिमणी, हसून हात करणारी म्हातारी बाई. यातलं काहीही आमच्या शाळेच्या रस्त्यावर नव्हतं. माझ्या डोक्यात आलंच नाही ते. इंग्रजीत रस्ता असाच असतो, असं मी धरून चालले होते.

सगळी मुलं मान खाली घालून उतरवत होती. बर्फ फोडणारीची मुलगी मात्र फळ्याकडे बघतच नव्हती. जवळ जाऊन पाहिलं. तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं. आय सी आइस. मदर ब्रेक आइस. पुढे आणखी एक ओळ होती. आणि शेवटी, डॉग ईट फिश हेड.

"हे काय लिहिलंयस गो?"

"येताना बघितलं ते, बाई. तुम्ही म्हनालात ना, काय बघितलंत ते लिवा."

"अगं, ती परदेशातली माणसं वाचणार आहेत. कुत्रा आणि मासळीची मुंडकी? काय म्हणतील ती आपल्याला?"

मागची मुलं खिदळली. एकजण कुत्र्यासारखा भुंकला. मी लाल पेनाने कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि म्हटलं, "फाड ते. फळ्यावरचं घे." तिने कागद फाडला. तुकडे टाकले नाहीत, मुठीत धरून बसली. मग फळ्यावरचं उतरवलं.

शनिवारी मी बावीस वेळा तेच टाइप करायला बसले. नाव, वय, सात ओळी. नाव, वय, सात ओळी. निम्म्यात काका मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ वाचलं आणि म्हणाले, "काय बाई, तुमची सगळी पोरं एकाच बागेतनं येतात वाटतं शाळेत? आपल्या रत्नागिरीत ही बाग कुठे आहे, मलाही सांगा. संध्याकाळी फिरायला जाईन म्हणतो."

"तुम्ही मशीन बघा, काका. शिकवायचं मी बघते."

"बघा हो. मी आपला टायपिस्ट. समोर असेल ते छापतो." ते जागेवर जाऊन बसले.

साइट चालवणाऱ्या शिक्षकांचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. फार नम्रपणे लिहिलं होतं. मुलांना नमस्कार होता. मग लिहिलं होतं की बावीसही जणांनी अक्षर न अक्षर सारखंच लिहिलं आहे, हे कुणी मोठ्या माणसाने लिहून दिलेलं दिसतं, त्यामुळे लावता येत नाही. मुलांनी स्वतः पाहिलेलं पाठवा, दोन ओळी असल्या तरी चालतील, चुका असल्या तरी चालतील. आमची सुट्टी लागायच्या आत पाठवा.

मी ते दोनदा वाचलं. माझा पहिला विचार मुलांचा नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. पहिला विचार हाच की, यांना कळलं. हिला इंग्रजी येत नाही, हिने पाठ केलंय, हे समुद्रापलीकडच्या माणसांना कळलं. काकांनीही वाचलं असणार. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी मी फळा कोरा ठेवला. "आज मी काही लिहून देणार नाही. तुम्ही येताना जे पाहिलं तेच लिहा. चुकलं तरी चालेल."

एकजण म्हणाला, "बाई, फळ्यावर द्या ना."

"नाही म्हटलं ना."

"मग पार्काचं लिवू? ते पाठ हाय आमाला."

चार दिवस मी हेच करून पाहिलं. काहींनी कोरे कागद दिले, काहींनी पार्क. एकाने होडीचं चित्र काढून खाली पोस्टमन लिहिलं. चार वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जे शिकवलं होतं, ते चार दिवसांत कसं पुसणार?

शेवटी मी त्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत जवळ बोलावलं. "तू बर्फाचं लिहिलं होतंस ना, ते परत लिहून दे मला."

"ते फाडलं, बाई."

"ठाऊक आहे गो. पण आठवत असेल ना?"

"ते चुकलेलं होतं."

"नव्हतं चुकलेलं."

तिने माझ्याकडे जरा नीट बघितलं. "मग तुम्ही रेघ कशाला मारलीत?"

मी नुसता कोरा कागद पुढे केला. ती खाली बसली, मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवला आणि बराच वेळ मन लावून लिहिलं. मला वाटलं, जमलं. तिने कागद दिला. पार्क, पोस्टमन, फुलं, चिमणी, हसणारी म्हातारी. सात ओळी, वळणदार अक्षर, एकही चूक नाही.

"आता बरोबर हाय ना, बाई?"

मी "हो" म्हटलं.

त्या शनिवारी मी कॅफेत बसून तिचं नाव आणि वय टाइप केलं आणि ठरवलं, हिच्या ओळी आपणच लिहू, आपल्याला आठवतात. बर्फ आठवला. फोडणारी आई आठवली. कुत्रा आठवला. मधली एक ओळ मात्र काही केल्या आठवेना. पायांबद्दल होतं का काही? थंडीबद्दल? माझी लाल रेघ तेवढी जशीच्या तशी दिसत होती. एक ओळ मनाने घालता आली असती. बोटंही तयार होती. पण मग ते पुन्हा माझंच झालं असतं. मी काही न पाठवताच साइट बंद केली. काकांनी विचारलं, "झालं?" मी मान हलवली. त्यांनी काय ओळखलं, कोण जाणे.

पुढच्या पालकसभेला तिची आई जेटीवरून थेट आली होती, लुगड्याचा काठ ओला. "बाई, पोरीचं नाव कधी दाखवताय? तिनं तिच्या बापाला सांगून ठेवलंन, मिरकरवाड्यात समद्यांना सांगितलंन."

मुलगी शेजारीच उभी होती. खोलीभर बाया होत्या, मुख्याध्यापक होते. मी बी.ए. बाई. "मी चुकले" एवढेच दोन शब्द होते, आणि ते मला कुणी फळ्यावर लिहून दिलेले नव्हते.

"परदेशातली लाइन बिघडली आहे, ताई," मी म्हटलं. "दुरुस्त झाली की दिसेल."

आईला बायांच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही. ती मुलीकडे वळली, "काय म्हनाल्या गो?"

मुलीने आईच्या हाताला धरून तिला खाली वाकवलं आणि सांगितलं, "परदेशातली लाइन बिघडली आहे. दुरुस्त झाली की दिसेल." एकही शब्द न बदलता.