न वाचलेलं शिफारसपत्र

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक कागद असा असतो, की ज्यावर त्याची खरी किंमत लिहिलेली असते, आणि नेमका तोच कागद वाचायची त्याला मुभा नसते.

हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या अर्जाला जे आत्मनिवेदन जोडावं लागतं, त्याची सुरुवात मी ह्याच वाक्यानं केली होती. माझ्या कॉलेजची एक सीनियर दोन वर्षांपूर्वी तिकडं पोचली होती. तिला वाचायला पाठवलं, तर तिचं उत्तर आलं की पहिल्या ओळीतच कोणीतरी वारल्यासारखं वाटतंय, खोड. आणि तू ज्या कागदाबद्दल लिहितेयस त्याला शिफारसपत्र म्हणतात आणि तो पीडीएफ असतो.

रेसिडेन्सी म्हणजे तिकडचं एमडी, पगारासकट. त्यासाठी बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना अर्ज करता येतो, आणि अशांना तिकडं 'आंतरराष्ट्रीय पदवीधर' म्हणतात. सोलापुरात मला आजवर कोणी पुण्याचीसुद्धा समजलं नव्हतं. एका फॉर्मवर मी एकदम आंतरराष्ट्रीय झाले, तेव्हा बाबांना ते वाचून दाखवलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी होटगीला झाली, मूळ गाव माढ्याकडं. ते म्हणाले, "बरंय की. आता तरी ताट उचलून ठेवशील."

सीनियर दर रविवारी मला धडे द्यायची. परीक्षा चांगल्या मार्कांनी पास व्हायच्या, त्या झाल्या होत्या. पदवी मिळून फार वर्षं उलटायला नकोत. माझी तीनच झाली होती, आणि ती मोडनिंबजवळच्या आरोग्य केंद्रात कामात गेली होती. सगळीकडं अर्ज टाकत सुटायचं नाही. बाहेरच्या डॉक्टरांना आधी घेतलेले दवाखाने शोधून तिथंच टाकायचे. तिकडच्या दवाखान्याचा अनुभव हवा. तो मी साठवलेल्या सगळ्या रजा एकदम टाकून महिनाभर घेऊन आले होते. अनुभव म्हणजे हात पाठीमागं बांधून उभं राहायचं आणि कशालाही शिवायचं नाही. सोवळं म्हणजे काय ते मला अमेरिकेत कळलं. पण त्या उभं राहण्यावर तिथल्या दोन डॉक्टरांची दोन पत्रं मिळाली.

तिसरं पत्र हवं होतं ते मला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसाचं. तसा माणूस एकच होता, कॉलेजातले मेडिसिनचे विभागप्रमुख. त्यांच्या तोंडून निघालेली सर्वांत मोठी स्तुती 'ठीक आहे' ही होती, आणि ती मिळालेले लोक ती तारखेसकट सांगायचे.

आमच्याकडं शिफारसपत्राची एक रीत आहे. ज्याला पत्र हवंय त्यानंच ते लिहून न्यायचं आणि सरांनी सही करायची. त्यामुळं आपल्याकडच्या शिफारसपत्रांत प्रत्येक विद्यार्थी अलौकिक असतो, कारण लेखक स्वतः तोच असतो. मीही बसून पत्र लिहिलं. दुसऱ्याच्या भाषणातल्या हारतुऱ्यांना हसण्यात माझं तारुण्य गेलं होतं, पण स्वतःला हार घालायची वेळ आली तेव्हा हात अजिबात थरथरला नाही. करुणामूर्ती, तीक्ष्ण बुद्धी, जन्मजात नेतृत्व. पान भरलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ते घेऊन सरांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा लावला, पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ही मुलगी कोण आहे? मला हिला भेटायला आवडेल."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"कागद राहू दे इथं. मी लिहीन."

बाहेर आले तर ऑफिसातले काका, पत्र जिथं चढवायचं त्या पोर्टलची लिंक घेऊन बसलेले. सर संगणकाला हात लावत नसत. त्यांचं सगळं टाइपिंग आणि पाठवणं काकांकडं. काकांनी मला धीर दिला, की काळजी करू नका, आपल्याकडं फॉरमॅट तयार आहे. त्यांनी तो दाखवलापण. तीन ओळींचा. सदर विद्यार्थिनी अमुक वर्षी अमुक संस्थेत शिकत होती, तिची वर्तणूक चांगली होती, तिला शुभेच्छा. नावाची जागा कोरी. हा फॉरमॅट बँकेच्या कर्जाला, लग्नाच्या चौकशीला आणि पासपोर्टला असा तिन्हीकडं चाललेला होता.

मी ते सीनियरला सांगितलं. ती म्हणाली, की तीन ओळींचं पत्र म्हणजे तिकडच्या भाषेत 'हिला घेऊ नका' असं असतं. सभ्य माणूस वाईट लिहीत नाही, थोडं लिहितो.

आणि मला फॉरमॅटचीच भीती होती असं नाही. फॉरमॅट नसला तर सर खरंच लिहितील, ही भीती त्याहून मोठी होती. कारण सरांना मी आठवत असणार ती एकाच प्रसंगामुळं.

मी इंटर्न असताना मे महिन्यात एक माणूस बेशुद्ध आणला होता. दिवसभर पत्र्यावर काम करत होता, अंग तव्यासारखं तापलेलं. राउंडला वीस विद्यार्थी उभे होते. सर म्हणाले, ऊन लागलंय, आधी गार करा. मी म्हणाले, मेंदूज्वर आहे, मान कडक लागतेय. सरांनी स्वतः मान वाकवून बघितली आणि पुन्हा उष्माघात म्हणाले. मी पुन्हा मेंदूज्वर म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सर माझ्याकडं वळले. "मान कडक नाहीय. तू कडक आहेस." वॉर्ड हसला. मी तरी हट्टानं माझ्या नोंदीत मेंदूज्वराची शंका लिहून ठेवली.

संध्याकाळपर्यंत बर्फानं आणि पंख्यांनी तो माणूस उठून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर माझी नोंद वाचलेली दोन पोरं आळीपाळीनं त्याची मान वाकवून बघत होती, आणि तो मला म्हणाला, "बाई, हे थांबवा की. मान मोडंल माजी." म्हणून राउंड सुरू व्हायच्या आधी मी त्या वीसजणांना सांगितलं, की काल माझं चुकलं, त्याची मान कडक नव्हती, मला ती कडक हवी होती, आता त्याला सोडा. त्यात मोठेपणा काही नव्हता, त्या माणसाची मान वाचवायची होती. सर दारात उभे होते.

सप्टेंबर उजाडला तरी पोर्टलवर सरांच्या पत्रासमोर 'प्रतीक्षेत' असं दिसत होतं. मी ड्युटीवरून एसटीनं येताना मोबाइल उघडून बघायची, पुन्हा बंद करायची. अर्ज जायला चार दिवस उरले असताना ते 'मिळालं' झालं. एवढंच. आत काय आहे ते मला दिसणार नव्हतं, कारण पत्र वाचायचा हक्क मी फॉर्मवर सोडून दिला होता. तो सोडला नाही तर वाचणाऱ्याला वाटतं पत्र दबावाखाली लिहिलंय, म्हणून सगळेच सोडतात.

पण तिसरं म्हणून कुठलं पत्र जोडायचं ते मात्र माझ्या हातात होतं. दरम्यान आणखी एका प्रेमळ डॉक्टरांनी मी लिहून दिलेल्या पत्रावर न वाचता सही केली होती. ते तयार होतं, गुळगुळीत होतं. सीनियर ठामपणे म्हणाली की तेच लाव. सरांचं तीन ओळींचं असेल नाहीतर त्या मानेचं असेल, दोन्हीत तू मेलीस.

रात्रीच्या जेवणाला मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी भाकरी मोडत विचार केला.

"सरांनी खोटं लिवलं नसंल एवढं नक्की की."

"खरं लिहिलं असेल त्याचीच तर भीती आहे."

"मग दुसऱ्या पत्रातली बाई कोण हाय?"

"ती मीच लिहिलीय."

"तिला घेतलं तर तितं जाणार कोण?"

ती करुणामूर्ती मुलाखतीला आली नसती, मलाच जावं लागलं असतं. मी सरांचं पत्र जोडलं, बटण दाबलं आणि उरलेली भाजी गार खाल्ली.

नोव्हेंबरपर्यंत तीन मुलाखती आल्या. पहिलं बोलावणं आलं तेव्हा मी आरोग्य केंद्रात एका आजीबाईंचं बीपी बघत होते. मोबाइल वाजला, मी मेल वाचला, आणि पट्टा तिसऱ्यांदा फुगवला. आजी म्हणाल्या, "माजं एवढं वाढलंय व्हय?" मी म्हणाले, तुमचं नाही, माझं.

ती पहिली मुलाखत व्हिडिओवर, आपल्या संध्याकाळी सात वाजता. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. टॉवेलांची खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत. आम्हाला ती ऐकूच येत नाही, पण लॅपटॉपला येते हे तालमीत कळलं. बाबा दोन कारखानदारांकडं जाऊन आले. कोपऱ्यावरच्या तेलुगू अक्का माग चालवतात, त्या म्हणाल्या की अर्धा तास बंद ठेवते, पण पोरीला म्हणावं अमेरिकेला टॉवेलचं विचार.

सातला पाच कमी असताना माग थांबले. जन्मात न ऐकलेली शांतता पसरली. वर कोट, खाली घरातला पायजमा. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर बाई आल्या. मी पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार ठेवलं होतं: माझं बलस्थान, माझा दोष जो खरं तर बलस्थान आहे, आणि तुमच्याच दवाखान्यात का.

बाईंनी त्यातलं काही विचारलं नाही. एक कागद वर धरून त्या म्हणाल्या, "आधी ह्या मानेबद्दल सांगा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. सरांचं इंग्रजी त्यांच्या तोंडून ऐकताना फार विचित्र वाटलं. त्यातलं मला समजलं ते असं: 'ही मुलगी वीस विद्यार्थ्यांसमोर माझ्याशी तीनदा वाद घालत होती. तिचं चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच वीसजणांना ते सांगितलं. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. ह्या विभागात माझ्या चुका तिच्याहून जास्त झाल्या आहेत, आणि मी एकदाही असं केलेलं नाही.'

त्याखाली, बाई म्हणाल्या, एकच ओळ आहे: 'तिला घ्यावं.'

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मग पत्र्यावरचा माणूस, बर्फ, मान वाकवणारी पोरं, 'मान मोडंल माजी' हे सगळं जमेल तसं सांगितलं. बाई मोठ्यानं हसल्या. त्यांनी त्यांची एक चूक सांगितली, मग मी माझी दुसरी सांगितली. आम्ही चुकांची देवाणघेवाण करत बसलो. अर्ध्या तासाची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मागची गल्ली पुन्हा खटखटायला लागली होती, कारण अक्कांचा शब्द अर्ध्या तासाचा होता. बाईंनी विचारलं हा आवाज कसला, आणि मी टॉवेलचं सांगून टाकलं.

लॅपटॉप मिटून मी पायजम्यावरच बाहेर धावले. बाबा जिन्यावर बसले होते. मी काय बोलले ते आठवत नाही. बाबा मात्र पुढं सगळ्यांना सांगायचे, की पोरगी लई चुका सांगून आली आणि नाचत आली.

मार्चमधल्या एका सोमवारी फक्त एवढंच कळतं की जागा मिळाली की नाही. कुठं ते शुक्रवारी. तोवर दवाखान्यांनी आमची आणि आम्ही दवाखान्यांची आवडीनुसार यादी दिलेली असते, आणि पत्रिका संगणक जुळवतो. सोमवारी साडेसात वाजता मेल आला. मी पहिला शब्द वाचला, 'अभिनंदन', आणि पुढचं वाचताच येईना. बाबांनी चष्मा शोधला, सापडला तो डोक्यावर, त्यांनीही तेवढाच एक शब्द वाचला, आणि माढा तालुक्यात फोन लावायला सुरुवात केली.

मंगळवारी पेढे घेऊन सरांकडं गेले. पत्राबद्दल बोलायचं ठरवलं होतं, पण ते मी वाचलेलं नाही अशी कागदोपत्री स्थिती होती. सरांनी पेढा उचलला.

"कुठं मिळालं?"

"शुक्रवारी कळेल, सर."

"म्हणजे अजून निदान व्हायचंय." त्यांनी पेढा खाल्ला. "ठीक आहे."

मी ती तारीख लिहून ठेवली आहे.

शुक्रवारी नाव आलं: पांढऱ्या केसांच्या बाईंचाच दवाखाना. बाबांनी मोबाइलवर नकाशा उघडला. तोवर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना नुसतं 'अमेरिका' एवढंच सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनानं उंच इमारती उभ्या केल्या होत्या. बाबांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा गाव दिसलं. ते बार्शीपेक्षा लहान आहे. चारी बाजूंनी मक्याची शेतं आहेत आणि दवाखाना गावाबाहेर आहे. दवाखान्यानं पाठवलेल्या सूचनांत लिहिलंय की गावात बस नाही, रिक्षा नाही, रुजू होताना उमेदवाराला मोटार चालवता आली पाहिजे.

मी होटगी रोडवरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले.