सरदार टांगेवाला गड चढतो

लोणावळ्याचा सरदार टांगेवाला पुण्या-मुंबईची माणसं गडाच्या पायथ्याच्या भाजे गावापर्यंत पोचवायचा. तिथून ती मंडळी लोहगड चढत, रानात पाखरं-जनावरं बघत. सरदार मात्र खालीच थांबायचा. कुणी बोलावलंच तर म्हणायचा, "घोडं एकटं ऱ्हात न्हाई."

एका भादव्यात पुण्याच्या काही बायका आल्या. त्यांच्या सोबतीला सरदारची बायको नजमा पहिल्यांदाच वर गेली. दुपारी धुकं उतरलं. बायका घाईघाईनं खाली आल्या, पण त्यांच्यात नजमा नव्हती.

"मागंच होत्या हो त्या," एकीनं सांगितलं.

भाज्यातल्या चहावाल्या कोंडाजीच्या हाती लगाम देऊन सरदार निघाला. अर्ध्या वाटेवर धुकं विरळ झालं, पायवाट अरुंद झाली, एका बाजूला खोल दरी. तो जागीच थांबला. पोरवयात एकदा कड्यावरून खाली बघताना त्याला भोवळ आली होती, तेव्हापासून उंचीचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटे. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो खाली बसला आणि डोंगराच्या अंगाला चिकटून, हातापायांवर रांगत पुढं सरकला.

"नजमा! ए नजमा!"

वाट संपून झाडी लागली, तेव्हा करवंदीच्या जाळीआडून एक हात हलला. ओठांवर बोट ठेवून नजमा बसली होती. समोर गवतात एक भेकर पाडसाला चाटत उभं होतं. थोड्या वेळानं भेकर आणि पाडस झाडीत शिरली.

"अगं, हाक ऐकू आली न्हाई व्हय?" सरदारनं विचारलं.

"आली की. पण वरडले असते तर पाडस बिचकलं असतं." मग तिनं त्याचे चिखलानं भरलेले गुडघे पाहिले. "अवं, तुमी रांगत आलात?"

"मला उंचीचं लय भ्या वाटतं," तो बोलून गेला. बोलल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

नजमा हसली नाही. तिनं त्याचा हात घट्ट धरला. "खाली बघू नका. माझ्या पाठीकडं बघत चला."

भाज्यात पोचल्यावर पुण्याच्या बायकांनी उशिराबद्दल कुरकुर केली. सरदारला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं कोंडाजीकडं चहा मागितला, बशीत ओतून पहिला घोट नजमाला दिला, आणि भेकराचं पाडस केवढंसं होतं ते हातानं दाखवत सगळ्यांना सांगत बसला.