लाभ, दोन, तीन

पदरचे पैसे भरून आपण वजन व्हायला आलो आहोत, हे मला बोटीवर चढल्यावर कळलं.

जाफराबादच्या शाळेत मी भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतही सांगेन. फळ्यावर डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून बाण समुद्राकडून जमिनीकडे, हे खारे वारे. रात्री उलटा बाण, हे मतलई. आमच्या मुलांसाठी हे दोन बाण म्हणजे हमखास दोन मार्क. मुलांचं जाऊ द्या, मलाही त्या बाणांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. समुद्र मी दोनदा पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजता मोजता.

म्हणून शिडाच्या बोटींच्या शर्यतीची ती जाहिरात फोनवर आली तेव्हा मी हावरटासारखी वाचली. मुंबईहून निघायचं आणि किनारा धरून गोव्यापर्यंत जायचं. अनुभवाची गरज नाही, पैसे भरा आणि खलाशी व्हा. खाली एक ओळ होती, 'सुकाणू हाताळण्याची संधी'. मी त्या एका ओळीसाठी पैसे भरले. आयुष्यभर फळ्यावर काढलेला वारा मला एकदा हातात धरून बघायचा होता. बाकी मला काही नको होतं.

टेंभुर्णीजवळच्या गावी वडिलांना, म्हणजे दादांना, सांगायला गेले. ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"पैशे देऊन मजुरी?" दादा म्हणाले. "हे नवीनच ऐकून राह्यलो."

"मजुरी नाही दादा. शर्यत आहे."

"चालवणार कोण?"

"सगळे आळीपाळीनं. मलापण देणार आहेत."

त्यांनी दोनचार शेंगा फोडल्या. मग विचारलं, "बराबर देतील का पण तुझ्या हातात?"

"देतील. तसं लिहिलंय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी पारावर सांगून टाकलं होतं की आमची बाई समुद्रात बोट चालवणार आहे. झालं. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

दादा आयुष्यभर माप करत आले. खळ्यात ज्वारीची रास पडली की गावात मापाला त्यांनाच बोलवायचे. अधोलीचं माप भरून पोत्यात रिकामं करायचं आणि मोठ्यानं मोजायचं. आमच्याकडे माप मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला म्हणायचं 'लाभ', मग दोन, तीन, चार. मी लहानपणी पोत्याचं तोंड धरून बसायची आणि त्यांच्या जोडीनं ओरडायची. एकदा एका गड्याच्या तोंडून चुकून 'एक' निघालं, तर दादांनी भरलेलं पोतं राशीत परत ओतलं आणि पहिल्यापासून माप केलं. गडी कुरकुरला तेव्हा म्हणाले, "एक म्हणलं का ते एकटंच राह्यतं. लाभ म्हणावं, मंग मागून येतं." आता सगळीकडे वजनकाटे आहेत, पण दादा घरातलं बी अजून अधोलीनंच मोजतात. माझ्या तोंडात तर ते असं बसलंय की शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत देतानाही पहिल्या दिवशी "लाभ, दोन, तीन, चार" झालं होतं. पोरं अजून पाठीमागे मला लाभ मॅडम म्हणतात.

तर बोट. आम्ही आठ जण होतो. त्यात कप्तान आणि त्याची दोन माणसं पगारी, बाकीचे आम्ही पैसे भरलेले. कप्तान माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मुंबईचा, उन्हानं करपलेला, कमी बोलणारा. त्यानं पहिल्यांदा सगळ्यांना नारिंगी टोप्या दिल्या, मग नंबर दिले. अगदी पुढे, बोटीच्या टोकाजवळ बसणारी म्हणून माझा नंबर पहिला. शिडाची बाजू बदलली की प्रत्येकानं पुढून मागे आपापला नंबर ओरडायचा, म्हणजे सगळे बोटीवर आहेत हे सुकाणूवरच्या माणसाला समजतं. मधल्या शिडामुळे त्याला पुढचं दिसत नाही. पद्धत चांगली होती. बंदरात सराव केला तेव्हा मी शहाण्यासारखी 'एक' म्हणाले, अगदी हळू, पाढा म्हणावा तशी.

मग शर्यत सुरू झाली आणि माझ्या कामाचा उलगडा झाला. वाऱ्यानं बोट एका अंगाला कलते. ती फार कलू नये म्हणून वरच्या बाजूच्या कठड्यावर माणसं बसवतात, पाय बाहेर सोडून, पोट तारेला दाबून. बसायचं. बोट दुसरीकडे कलली की गुडघ्यांवर रांगत पलीकडे जायचं आणि तिकडे बसायचं. कप्तान मागून ओरडायचा, "मॅडम, वजन!" एवढंच. मी काय शिकले, काय शिकवते, याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं. शेरडी बांधल्यासारखं मला दोरानं अडकवून ठेवलं होतं. पाणी तोंडावर यायचं, मीठ डोळ्यांत जायचं, आणि मी बी-बियाण्याच्या थैलीसारखी बसून होते. थैलीला निदान बसायचे पैसे पडत नाहीत.

दुपारी मी मागे जाऊन विचारलं, "सुकाणू कधी?"

"बघू ना मॅडम. सध्या आपण तिसरे आहोत. वारं जरा स्थिर होऊ दे."

संध्याकाळी विचारलं, तर म्हणे आता अंधार पडेल. माझ्याशेजारी दोन नंबरवर पुण्याचा एक निवृत्त बँकवाला होता. त्याला सुकाणू नको होतं, सूर्यास्ताचे फोटो हवे होते, आणि ते त्याला भरपूर मिळत होते. तो मला समजावत म्हणाला, "अहो, अनुभव म्हणून घ्या." मला इतका राग आला की मी त्याच्याशी पुढे तासभर बोलले नाही, आणि बोटीवर न बोलता बसणं फार अवघड असतं, कारण मांडीला मांडी लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतलई वारा होता, जमिनीकडून येणारा, कोरडा. ऊन चढलं तसा तो मंदावला आणि मग पडलाच. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली. बोट जागच्या जागी डुलत होती. पगारी माणसंसुद्धा चिडली होती. मला मात्र पुढे काय होणार ते पक्कं माहीत होतं. जमीन तापली की बाण उलटा फिरणार. मी मागे गेले आणि कप्तानाला ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खारं वारं धरलं आणि शीड पलीकडे घेतलं, की तुम्ही मागे या. सुकाणू तुमच्याकडे."

"नक्की?"

"नक्की. आता जागेवर बसा."

मी जागेवर जाऊन बसले.  दादांना काय काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही करून ठेवली.

आणि वारा आला. पुस्तकात बाण असतो, त्याला धक्का नसतो. हा आला तो पाण्यावर काळपट पट्टा ओढत आला आणि त्यानं बोटीला एकदम ढकललं. मागून आरोळी आली, शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून सणकन पलीकडे गेला, आम्ही सगळे रांगत सुटलो. माझी टोपी उडाली. तोंडावर पाण्याची अख्खी बादली बसली. मागून कप्तान ओरडला, "नंबर!"

मी जीव खाऊन ओरडले, "लाभ!"

"दोन!" बँकवाला ओरडला. "तीन!" "चार!" पुढचे नंबर पूर्ण व्हायच्या आत मागून आवाज आला, "एक कुठाय? एक! माणूस पाण्यात!"

 कोण पडलं? शिकवलं होतं की माणूस पाण्यात पडला तर नजर हलवायची नाही, त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. दूर पाण्यावर एक नारिंगी ठिपका होता. मी त्याच्याकडे बोट रोखलं आणि बोंबलायला लागले, "तिकडे! तिकडे!" शीड धाडकन खाली आलं. बोट गर्रकन वळली. आमच्या मागच्या दोन बोटी आम्हाला ओलांडून पुढे निघून गेल्या.

बँकवाल्यानं माझा दंड धरला. "मॅडम," तो म्हणाला, "एक नंबर तुमचा आहे."

तोवर कप्तान सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन धावत पुढे आला होता. मला पाहून तो थांबला. मग त्यानं सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवत पुन्हा मोजलं. माझ्या खांद्यावर दोनदा ठेवला. 

"तुम्ही नंबर दिला नाही."

"दिला. लाभ म्हणाले."

"लाभ म्हणजे?"

भर समुद्रात, गुडघ्यावर बसून, नाकातून खारं पाणी गळत असताना मी त्याला खळं, रास, अधोली आणि पोतं समजावून सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टोपी काठीनं काढून त्यानं माझ्या हातात दिली.

"सुकाणू?" मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं. वारा आला होता, हाच तो वारा होता.

"आता नको मॅडम," तो म्हणाला. "वजन."

गोव्यापर्यंत मी वजनच राहिले. गेलेल्या बोटी परत सापडल्या नाहीत, आणि आम्ही शेवटून दुसरे आलो. बंदरात, शिडं गुंडाळून झाल्यावर, इंजिनावर बोट हळूहळू धक्क्याकडे निघाली तेव्हा कप्तान म्हणाला, "या मॅडम, सुकाणू धरा, फोटो काढतो." मी म्हणाले, फोटो नको.  मला वाटतं त्याला वाईट वाटलं असावं, पण मला तेव्हा कोणाच्या वाईट वाटण्याची पर्वा नव्हती.

जालन्याहून एसटीनं टेंभुर्णी, तिथून जीप. दादा ओट्यावरच होते, वाटच बघत.

"दिलं का हातात?"

"नाही."

मग मी सगळं ओकले. जाहिरात, वजन, दिलेला शब्द, आणि ते मेलं लाभ. "तुमच्या त्या लाभापायी गेलं माझं सुकाणू," मी म्हणाले. इतक्या वर्षांत दादांना असं कधी बोलले नव्हते. 

"टोपी घावली का?" त्यांनी विचारलं.

"घावली."

"अन् बोट फिरवली त्यानं? शर्यत सोडून?"

"फिरवली."

"कोण पडलं ते इचारलं का आधी?"

मी आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं. आठ नंबर पुरे व्हायच्या आधीच शीड खाली आलं होतं. एक म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होतंच. ती सुकाणूसाठी मागं लागलेली, वजन म्हणून बसवलेली बाई.

"नाही विचारलं," मी म्हणाले. माझा राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही. फक्त तो नेमका कोणावर काढावा, ते तेव्हा मला सुचेना.

 दादांसमोर बियाची रास होती, तिच्यात अधोली पालथी पडलेली होती.

"पुढल्या बारीला जाशील तव्हा," ते म्हणाले, "तिथं एक म्हणत जा माय. मोठ्यानं म्हण. त्याला ऐकू गेलं पाह्यजे."