बाळंतिणीचे लाडू

मुंबईहून टोरांटोजवळच्या मिल्टनला घरी परतताना फ्रँकफर्टला मैत्रिणीकडे एक दिवस थांबले. ती नुकतीच बाळंत झालेली. तिच्या आईने माझ्याजवळ डिंकाचे लाडू दिले होते आणि मी वेंधळीने ते थेट टोरांटोला जाणाऱ्या बॅगेत भरले! तिच्या दारात उभी राहिले तेव्हा आठवलं. रडूच आलं.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. मैत्रीण माझ्याकडे बघत म्हणाली, "मिळाले गं आई. मस्त झालेत."

घरी येऊन बॅग उघडली, तोच तिच्या आईने मलाही फोन केला. "तुझ्यामुळे माझ्या लेकीला बाळंतपणात आईच्या हातचं खायला मिळालं गं."

मी नुसतं "हो" म्हटलं. समोर माझ्या नवऱ्याने दुसरा लाडू उचलला.