मैदानाच्या फाटकाची किल्ली

द्रौपदी गायकवाड मूळची अंबाडीकडची. लग्न होऊन भिवंडीत आल्याला बरीच वर्षं झाली, पण बोलणं गावाकडचंच राहिलं. नवरा कापडाच्या लूमवर कामाला जायचा आणि ती दारात शिलाई मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करायची. समोर मैदान, मैदानापलीकडे बुद्धविहार. सासू राहीबाई रोज संध्याकाळी मैदान ओलांडून वंदनेला जायची.

मागे मैदानात एक मोठी स्पर्धा झाली होती. ठेकेदाराने चहूबाजूंनी पत्रे ठोकले आणि ते काढायला नंतर फिरकलाच नाही. सगळा पावसाळा राहीबाई दुखरे गुडघे घेऊन मोठ्या रस्त्याने वळसा घालत राहिली. त्यामुळे यंदा राज्याची महिला कबड्डी स्पर्धा इथे ठरली आणि क्रीडा खात्यातली अदिती गल्लीत बैठक घ्यायला आली, तेव्हा द्रौपदीने मशीनवरची मानही वर केली नाही.

"पत्रे लावनार का न्हाय, तेवढं सांगा."

"लावावे लागतील," अदिती म्हणाली.

"मंग आमच्या म्हातारीनं जायाचं कुठून?"

अदितीने ते वहीत लिहून घेतलं. "आत्ता मला माहीत नाही. विचारून सांगते."

गल्ली हसली. विचारून सांगणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. पत्रे लागणारच होते, पण गल्लीसमोर पायी जाणाऱ्यांसाठी फाटक ठेवायला तिने साहेबांना राजी केलं होतं.

"किल्ली गल्लीतच राहील. तुम्ही सांभाळाल, ताई?"

द्रौपदीला आधी ती चेष्टाच वाटली. "सरकारी किल्ली, माझ्याकडं?"

"जाणं-येणं तुमचं आहे. मग किल्ली दुसऱ्या कुणाकडे कशाला?"

स्पर्धेच्या दिवसांत द्रौपदी मशीन चालवता चालवता फाटक उघडायची, लावायची. एकदा पाहुण्यांची मोठी गाडी येऊन तिथेच थांबली.

"फाटक खोलो, साहब लोग हैं," ड्रायव्हर म्हणाला.

"ये चलने का रास्ता है. गाडी पीछे से ले जाओ."

ड्रायव्हरने फोन लावला. अदितीला घेऊन तिचे साहेब स्वतः चालत आले. द्रौपदीने किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवली. साहेबांनी अदितीला विचारलं, "यांच्याशी काय ठरलं होतं?"

"फाटक फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, सर."

साहेबांनी ड्रायव्हरला मागच्या बाजूने जायला सांगितलं आणि ते आले तसे परत गेले. त्या संध्याकाळी मैदानावरचा पाण्याचा टँकर वेळेत पोचला नाही, तेव्हा कुणी न सांगताच गल्लीतल्या बायकांनी खेळाडू मुलींसाठी हंडे भरून नेले.

स्पर्धा संपली. सोमवारी पत्रे निघायचे होते. सकाळीच अदिती दारात उभी.

"पत्रे न्यायचा ट्रक वडप्याजवळ बंद पडलाय. आज नाही जमणार. बुधवारी निघतील."

द्रौपदीने तिला आत बोलावून चहा दिला. पत्रे निघायला उशीर होणार होता, तरी तिला राग आला नाही. कुणी विचारायच्या आधीच ती सांगायला आली होती.

बुधवारी पत्रे निघाले. कबड्डीच्या पांढऱ्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. उन्हं उतरल्यावर गल्लीतल्या चार-सहा बायका मैदानात उतरल्या. एक गडी कमी पडत होता. त्यांनी दारातल्या द्रौपदीला हाक मारली. तिने हातातली साडी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि ती रेघेच्या दिशेने चालू लागली.